कर्जाच्या घरांतली गोष्ट

(एका खेड्यांतील वाचनालयाच्या सभेंत तेथील शाळामास्तरांनीं केलेलें भाषण)



आज मला कादंबरीवर बोलायला सांगितलें आहे. आपल्या वाचनालयांत कादंबऱ्या आहेत, पण त्या घरीं नेणारे थोडे. एका वडीलधाऱ्या गृहस्थांना मीं कारण विचारलें. ते म्हणाले, "मास्तर, आमच्या घरांत रडें काय कमी आहे, म्हणून पुस्तकांतलें रडें उचलून आणूं? त्यापेक्षां पोथी ऐकली तर पुण्य तरी पदरीं पडेल." हा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाहीं. दिवसभर राबून आलेल्या माणसानें संध्याकाळीं दुसऱ्याच्या दुःखाची गोष्ट कां ऐकावी? या एका प्रश्नाचें उत्तर देणें एवढेंच आजचें माझें काम आहे.

कुटुंबाची कादंबरी म्हणजे एका घराची गोष्ट. नवरा-बायको, मुलें, भाऊ-भावजया, लग्नें, वाटण्या, रुसवेफुगवे, जन्म आणि मरण. घरोघरीं मातीच्या चुली, असें आपण म्हणतों. पण त्या चुलीवर काय शिजतें आणि शिजायला कोठून येतें, यावर घराचा सूर ठरतो. मराठींत बाबा पदमनजींचें 'यमुनापर्यटन' १८५७ सालीं निघालें. तेव्हांपासून पुष्कळ कादंबऱ्या झाल्या. त्यांतल्या बहुतेक जुन्या कादंबऱ्यांचीं घरें पांढरपेशा लोकांचीं. त्या घरांतलीं दुःखें खोटीं होतीं असें मी म्हणत नाहीं. विधवांचे हाल, मुलींच्या शिक्षणाची आडकाठी, हीं दुःखें खरींच. पण कोठींत धान्य कोठून आलें हें त्या घरांत कोणी विचारीत नाहीं. तें आलेलेंच असतें.

१८८३ सालीं 'शेतकऱ्याचा असूड' पुरा करणाऱ्या जोतीराव फुल्यांना १८८५ सालीं मराठी ग्रंथकारांच्या सभेचें बोलावणें आलें. तेव्हां त्यांनीं जाण्याचें नाकारलें, आणि या मंडळींच्या पुस्तकांशीं आमच्या लोकांच्या मनाचा मेळ बसत नाहीं अशा अर्थाचें उत्तर धाडलें. आपल्या घरची गोष्ट आपल्यालाच लिहावी लागेल, ही खूण तेथें पडली. 'दीनबंधु' पत्र १८७७ सालीं सुरू करणाऱ्या कृष्णराव भालेकरांनीं त्याच सालच्या दुष्काळावर 'बळीबा पाटील' ही कादंबरी लिहिली. वाट आपल्याच माणसांनीं पाडली होती. पण आज मी जें पुस्तक निवडलें आहे तें आपल्या मुलखाचें नाहीं. तें हिंदीचें आहे, आणि त्यांतलें गांव अवधांतलें आहे. पुस्तकाचें नांव 'गोदान'. लिहिणारे मुन्शी प्रेमचंद.

प्रेमचंदांचें खरें नांव धनपतराय. जन्म १८८० सालचा, काशीजवळच्या लमही गांवांतला. आई लहानपणींच वारली. पुढें ते शाळामास्तर झाले, शाळातपासनीस झाले, आणि १९२१ सालीं असहकाराच्या चळवळींत त्यांनीं सरकारी नोकरी सोडली. 'गोदान' १९३६ सालीं बाहेर पडलें आणि त्याच वर्षाच्या आक्टोबरांत ते वारले. पुरी झालेली त्यांची ही शेवटची कादंबरी. तींत शहरांतल्या शिकल्यासवरल्या, पैसेवाल्या मंडळींचाही एक मोठा भाग आहे; पण मी आज फक्त बेलारी गांवच्या होरी महतोच्या घराविषयीं बोलणार आहें.

होरी हा चार-पांच बिघ्यांचें कूळ. वय चाळिशीच्या आंत. बायको धनिया, मुलगा गोबर, मुली सोना आणि रूपा. जमीन रायसाहेब नांवाच्या जमीनदाराची. दोन धाकटे भाऊ, हिरा आणि शोभा, वांटण्या होऊन वेगळे झालेले. पुस्तक उघडतें तें होरीच्या घाईनें. त्याला मालकाच्या भेटीला जायचें आहे, आणि धनिया म्हणते, दोन घास खाऊन जा. इतकीच गोष्ट. पण पाहा, पहिल्याच पानांत कळलें कीं या घरांत भुकेच्या आधीं मालकाची वेळ येते. पुढें लेखक सांगतो कीं धनिया छत्तीस वर्षांची आहे, पण केस पिकले, अंग वाळलें. तिला सहा मुलें झालीं, त्यांतलीं तीन उरलीं. गेलेलीं तिन्ही मुलें औषधानें वांचलीं असतीं असें तिला अजून वाटतें. पण धेल्याचेंही औषध तिला आणतां आलें नव्हतें. येथें लेखक रडत नाहीं, रडा म्हणून सांगतही नाहीं. तो हिशेब मांडतो आणि पुढें जातो. गरिबीचा सूर असा असतो. ज्याच्या घरीं रोजचें दुःख असतें त्याला तें मोठ्यानें सांगायला सवड नसते.

आतां होरीची इच्छा काय? दारांत एक गाय असावी. राज्य नको, वाडा नको. सकाळीं उठल्यावर गायीचें तोंड दिसावें, मुलांना दूध मिळावें, दाराला शोभा यावी. ही इच्छा इतकी लहान आहे कीं सुखवस्तु घरच्या कादंबरींत ती एका ओळींत पुरी होऊन जाईल. येथें तिला सारें पुस्तक लागतें आणि शेवटीं माणूस जातो. भोला गवळ्याकडून ऐंशी रुपयांना उधारीवर गाय येते. ती येते त्या दिवशीं घरांत सण होतो. पोरी तिच्याभोंवतीं नाचतात, गांव बघायला येतें. वाचणाऱ्याच्या मनांत मात्र धास्ती बसते. कां? तर उधारीवर आलेलें सुख कधीं कोण परत मागेल याचा नेम नसतो, हें आपल्यालाही ठाऊक आहे. हालअपेष्टा आनंद मारून टाकीत नाहींत. त्या आनंदाला भीतीची किनार लावतात. या कादंबरींतल्या प्रत्येक हंसण्यामागें ती किनार दिसते.

आपल्याकडे संकटाचे दोन प्रकार मानतात, अस्मानी आणि सुलतानी. आभाळाकडून येतें तें अस्मानी, माणसाकडून येतें तें सुलतानी. कादंबरीचा सूर कसा बदलतो हें समजायला ही जुनी विभागणी फार उपयोगी आहे. चीन देशांतल्या शेतकऱ्यावर पर्ल बक या अमेरिकन बाईंनीं 'द गुड अर्थ' ही कादंबरी १९३१ सालीं लिहिली. बाईंचें बालपण चीनमध्यें गेलें होतें, आणि १९३८ सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. त्या गोष्टींत वांग लुंग नांवाचा शेतकरी आणि त्याची बायको ओ-लान आहेत. तेथें पाऊस पडत नाहीं, बैल मारून खावा लागतो, पोरांच्या पोटांत माती जाते, आणि सारें घर दक्षिणेकडच्या शहरांत भीक मागायला जातें. दुःख होरीच्या दुःखाहून कमी नाहीं, कदाचित् जास्तच. तरी त्या पुस्तकाचा सूर दबलेला नाहीं. कारण वांग लुंगची जमीन त्याच्या स्वतःच्या मालकीची आहे. सगळें विकलें तरी जमीन विकायची नाहीं, हा त्या घराचा हट्ट आहे. पाऊस परत येईल, आपण परत जाऊं, माती जागेवरच असेल, हा धीर त्या उपासमारींतही सुटत नाहीं. पुढें पैसा आल्यावरच त्या घराला तडे जातात, तें निराळें.

'गोदान'मध्यें तसा प्रलयाचा दुष्काळ नाहीं. पीक येतें, ऊंस उभा राहतो. पण खळ्यावरून धान्य घरीं पोंचत नाहीं. ऊंस गिरणीला घातला तर पैसे मोजून घेण्याच्या जागींच सावकार उभा असतो, आणि त्याच्या हातून कांहीं सुटलें तर दुसरा वाटेंत असतो. अस्मानी संकटांत माणूस वर पाहतो आणि वाट पाहतो. सुलतानी संकटांत तो वर पाहून काय करणार? त्याला आजूबाजूच्या माणसांकडे पाहावें लागतें, आणि ज्याच्याकडे पाहावें तो घेणेकरी. म्हणून वांग लुंगच्या घरांत भूक आहे आणि होरीच्या घरांत भीति आहे. भुकेची कादंबरी आणि भीतीची कादंबरी यांचा सूर एक नसतो.

ही भीति कशी तयार होते, तें मी शाळामास्तराच्या रीतीनें फळ्यावर मांडून दाखवतों. होरीनें दातादीन नांवाच्या गांवच्या भटजीकडून तीस रुपये घेतले होते. नऊ-दहा वर्षांत त्यांचे दोनशें झाले. गोबर शहरांत राहून आलेला, तो हिशेब विचारतो. दरमहा शेंकडा एक रुपया व्याज धरा, म्हणजे तिसांवर वर्षाला तीन रुपये साठ पैसे. दहा वर्षांचे छत्तीस. मुद्दल तीस. एकूण सहासष्ट. गोबर म्हणतो, सत्तर घ्या आणि मोकळे करा. आपल्या मुंबई इलाख्यांत जुना दामदुपटीचा नियम होता, कीं थकलेलें व्याज मुद्दलापेक्षां जास्त मागतां येत नाहीं. त्या नियमानें तर साठच झाले असते. म्हणजे एकशें तीस-चाळीस रुपये केवळ हवेंतले. मुलांनो आणि मोठ्यांनो, या हिशेबाला त्रैराशिकापलीकडचें गणित लागत नाहीं.

दातादीनला या आंकड्यांचें उत्तर देतां येत नाहीं. म्हणून तो आंकडे सोडतो आणि जानवें पुढें करतो. मी ब्राह्मण आहें, ब्राह्मणाचा पैसा बुडवून तुम्हांला सुख लागणार नाहीं, अशा अर्थाचें तो बोलतो. आणि होरी, ज्याचें अर्धें आयुष्य या व्याजांत गेलें, तो घाबरून त्याचे पाय धरतो आणि पैपै देण्याचें कबूल करतो. मुलगा चिडतो. बापाला मुलाचा हिशेब पटत नाहीं असें नाहीं. पण शापाची भीति हिशेबाच्या वर बसलेली आहे. कर्जाचा कागद कोर्टांत रद्द होऊं शकतो. मनांत लिहिलेला कागद कोण रद्द करणार? १८७५ सालीं पुणें जिल्ह्यांत सुप्यापासून दंगा उठला आणि कुणब्यांनीं सावकारांचे दस्तऐवज जाळले. त्यावरून १८७९ चा शेतकरी कर्जनिवारणाचा कायदा झाला. त्यांनीं पेटीतले कागद जाळले. होरीचा कागद काळजांत आहे, आणि सबंध कादंबरीवर जी उदासी पसरली आहे ती त्या कागदाची आहे.

येथें एक गोष्ट न्यायानें सांगितली पाहिजे. या गांवांत पिळणारे एकाच जातीचे नाहींत. झिंगुरीसिंग ठाकूर आहे, पटवारी कायस्थ आहे, दुलारी दुकानवाली आहे. पैसा ज्याच्या पेटींत, तो सावकार. पण देवाधर्माचें नांव सांगून वसुली करण्याची सोय एकट्या दातादीनला आहे, आणि लेखकानें तो फरक दाखवून दिला आहे. प्रेमचंद आपल्या चळवळींतले नव्हते. म्हणून त्यांची साक्ष जास्त वजनाची.

भीतीबरोबर दुसरी गोष्ट येते, ती म्हणजे अब्रू. धनवानाची अब्रू पैशानें राखली जाते; गरिबाला ती कर्ज काढून राखावी लागते. गायीला विष घालून मारतो तो होरीचा सख्खा भाऊ हिरा, जळफळाटानें. होरीला संशय नाहीं, खात्री आहे. तरी भावासाठीं तो मुलाच्या डोक्यावर हात ठेवून खोटी शपथ घेतो, आणि फौजदार आल्यावर भावाच्या घराची झडती होऊं नये म्हणून लांच द्यायला तीस रुपये कर्जाऊ आणतो. गाय आपली मेली, भाऊ मारणारा, आणि दंड आपणच भरायचा! तेव्हां धनिया पुढें येते आणि होरीच्या उपरण्याला झटका देऊन ते रुपये साऱ्या लोकांसमोर जमिनीवर उधळून टाकते. आम्ही हा भाग शाळेच्या ओट्यावर वाचला. मी हिंदी वाचीत होतों आणि आपल्या बोलींत सांगत होतों. रुपये खळकन् सांडले तसा बायांच्या बाजूनें असा हंशा उठला कीं मला थांबावें लागलें. त्या हंशांत सुटका होती. बाईला काय करावेंसें वाटतें आणि काय करतां येत नाहीं, हें त्या एका झटक्यांत झालें होतें.

धनियाची जीभ तिखट आहे. होरी चिडला कीं तिला मारतोसुद्धां, आणि तें लेखकानें लपविलेलें नाहीं; आपणही लपवूं नये. पण या घराचा कणा ती आहे. गरिबींत प्रेमाचे शब्द कमी होतात आणि भांडणाचे वाढतात. या दोघांचें प्रेम भांडणांतूनच दिसतें. ती त्याला मूर्ख म्हणते, आणि त्याच्या आधीं स्वतः उपाशी राहते. सुखवस्तु कादंबरींत भांडण झालें कीं संसार मोडेल अशी भीति वाटते. येथें ज्या दिवशीं धनिया भांडायची थांबेल त्या दिवशीं संसार मोडेल असें वाटतें.

आणखी एक पाहा. दारिद्र्य माणसाला नुसतें कडू करतें असें लोक म्हणतात. तें अर्धें खरें आहे. हिरा पळून गेल्यावर त्याच्या बायकोचें शेत होरीच करतो. गोबर भोलाच्या विधवा मुलीला, झुनियाला, गरोदर करून शहरांत पळतो. ती रात्रीं दारांत येते. धनिया तिला हांकलून द्यायला निघालेली, पण तिच्यानें तें होत नाहीं. ती तिला घरांत घेते, आणि होरीही घेतो. या एका माणुसकीसाठीं पंच त्यांना शंभर रुपये रोख आणि तीस मण धान्य दंड ठोकतात. होरी रात्रीच्या रात्रीं खळ्यावरचें धान्य टोपलीनें पंचांच्या दारांत नेऊन ओततो आणि घर गहाण टाकतो. पंचांत दातादीनही आहे. त्याचा मुलगा मातादीन चांभाराच्या मुलीला, सिलियाला, ठेवून आहे. तिच्या हातचें जेवत नाहीं, पण तिचे श्रम घेतो. त्याला दंड नाहीं! पुढें सिलियाच्या घरचे लोक येऊन मातादीनच्या तोंडांत हाडूक कोंबतात. काशीच्या पंडितांना शेंकडों रुपये देऊन शुद्धि होते, पण मन शुद्ध होत नाहीं. आणि अखेर तो स्वतः जानवें टाकून सिलियाकडे येतो. या अंधाऱ्या पुस्तकांत ही एक उजेडाची फट आहे, आणि ती शास्त्रांतून आलेली नाहीं, लाजेंतून आणि मायेंतून आलेली आहे.

हंसणेंही आहे. होळीला गोबर आणि गांवचे तरुण सोंग काढतात. सोंगांतला सावकार दहाचा कागद लिहून घेतो आणि पांचच रुपये हातावर ठेवतो. एक नजराण्याचा, एक लिहिणावळीचा, एक कागदाचा, एक दस्तुरीचा, एक व्याजाचा. झाले कीं नाहीं दहा? शेतकरी म्हणतो, हे पांचही तुमच्याकडेच ठेवा, आणि घरांतल्या एकेकाच्या नांवानें एकेक वाटून शेवटचा रुपया सावकाराच्या क्रियाकर्माला लावतो. गांव पोट धरधरून हंसतें. आपल्या तमाशांतली बतावणी, सत्यशोधकी जलशांतलें सोंग, याच कुळींतलें. जो हंसतो त्यानें हिशेब ओळखला. पण सोंग संपतें, होळी विझते, आणि सकाळीं कर्ज तेथेंच असतें. सोंगांत जें धैर्य आलें तें दुसऱ्या दिवशीं दातादीनपुढें टिकत नाहीं. लेखक खोटा दिलासा देत नाहीं, हा त्याचा प्रामाणिकपणा.

मग उतार लागतो. बैल भोला सोडून नेतो. शेतकरी होता तो वाटेकरी होतो, वाटेकरी होता तो मजूर होतो. तीन वर्षांचा खंड थकतो, जमीन जाण्याची वेळ येते. आणि धाकट्या रूपाचें लग्न बापाच्या वयाला लागलेल्या माणसाशीं करून त्याच्याकडून होरी दोनशें रुपये घेतो. या माणसानें आजवर पुष्कळ सोसलें, पण या दिवशीं त्याची मान खालीं जाते ती वर येत नाहीं. शेवटीं नातवाच्या दुधासाठीं गाय घ्यावी म्हणून तो दिवसा सडकेसाठीं मुरूम खणतो, रात्रीं दिव्यापुढें सुतळी वळतो. उन्हाच्या झळीनें पडतो. लोक म्हणतात, आतां गोदान करा. गाय कोठली? धनिया सुतळी विकून आलेले वीस आणे, म्हणजे सव्वा रुपया, दातादीनच्या हातावर ठेवते, आणि हेंच त्याचें गोदान म्हणून कोसळते. जन्मभर जी गाय घरीं राहिली नाहीं ती मरतांना दान करायची! आणि हात पसरून उभा कोण? तोच घेणेकरी. पुस्तकाचें नांव येथें कळतें.

आतां होरीविषयीं दोन शब्द. कित्येक लोक त्याला संत म्हणतात, किती सोशीक म्हणून वाखाणतात. मला तें मान्य नाहीं. ज्याचा पाय आपल्या मानेवर आहे त्याचे तळवे चोळण्यांतच शहाणपण, असें होरी समजतो. ही समज त्याची नव्हे, त्याला दिलेली आहे. सोशीकपणा हा भावासाठीं, सुनेसाठीं, मुलासाठीं असेल तर तो सद्गुण. तोच सावकारापुढें आणि भटापुढें असला तर ती बेडी. एकाच माणसांत दोन्ही आहेत, म्हणून आपण त्याच्यावर रागावतोंही आणि त्याच्यासाठीं हळहळतोंही. हा दुहेरी भाव हाच या कादंबरीचा खरा सूर. आणि उलट बाजूनें, गोबर बंड करतो म्हणून तो देव होत नाहीं. तो शहरांत जाऊन दारू पितो, बायकोला मारतो, आईबापांशीं तुटून वागतो. एकट्याचें बंड घर वांचवीत नाहीं. बापाजवळ माया होती, हिशेब नव्हता. मुलाजवळ हिशेब होता, माया पातळ झाली. दोन्ही एका घरांत नांदलीं असतीं तर?

कारागीर मंडळी म्हणतील, ही कुणब्याची गोष्ट झाली. त्यांनीं उद्धव शेळके यांची १९६० सालची 'धग' घ्यावी. तें शिंप्याचें घर आहे, भाषा वऱ्हाडी आहे, आणि कौतिक नांवाची बाई एकटी झुंजत तें घर सांवरूं पाहते. तिच्यांत तुम्हांला धनिया दिसेल, पण तिचें दुःख तिचें स्वतःचें आहे.

आतां त्या वडीलधाऱ्या गृहस्थांच्या प्रश्नाकडे येतों. घरांत रडें असतांना पुस्तकांतलें रडें कां वाचावें? याचें उत्तर असें. घरांत रडतांना आपण मध्यें उभे असतों. चोहोंकडून दुःख दिसतें, पण त्याची वाट दिसत नाहीं. नशीब म्हणून आपण कपाळाला हात लावतों. होरीच्या घरांत आपण बाहेरून पाहतों. तीस कसे दोनशें झाले, शपथ कोणीं घेतली, दंड कोणीं खाल्ला, हें एकामागून एक दिसतें. मग कळतें कीं हें कपाळावर लिहिलेलें नव्हतें. वहींत लिहिलेलें होतें, आणि लिहिणाऱ्याचा हात दिसत होता. पोथी ऐकून मनाला शांति येत असेल. हें पुस्तक शांति देत नाहीं, पण प्रश्न विचारायला लावतें. आपल्याला आज शांतीपेक्षां त्याची गरज जास्त आहे.

काळ बदलला आहे हें खरें. उत्तर प्रदेशांतली जमीनदारी १९५२ सालीं कायद्यानें संपली. आपल्याकडे १ एप्रिल १९५७ पासून कसणाऱ्या कुळाला जमिनीचा मालक मानलें गेलें. रायसाहेब गेले. पण लग्नासाठीं, आजारपणासाठीं, बी-बियाण्यासाठीं काढलेलें कर्ज गेलें नाहीं. ऋण काढून सण करण्याची खोड गेली नाहीं. न वाचतां अंगठा देण्याच्या जागीं आतां न वाचतां सही होते, एवढाच फरक. दहाव्या-तेराव्याला घर विकून पंक्ति घालणारे आजही आहेत, आणि हात पसरणारेही आहेत.

म्हणून माझें मागणें तीन गोष्टींचें आहे. पहिली, हें पुस्तक एकट्यानें वाचूं नका. शनिवारीं रात्रीं चार घरांनीं एकत्र बसून मोठ्यानें वाचा, आणि बायकांना मागें बसवूं नका, कारण यांतलें खरें शहाणपण धनियाचें आहे. दुसरी, ज्या रात्रीं तीस रुपयांचा तो हिशेब वाचाल त्याच रात्रीं आपल्या घरचा कर्जाचा कागद काढा आणि शाळेंत जाणाऱ्या मुलाला किंवा मुलीला तो मोठ्यानें वाचायला लावा. मुद्दल किती, व्याज किती, दिलें किती. मुलांना आंकडे येतात. आपण त्यांना विचारीत नाहीं. तिसरी, मुलानें हिशेब विचारला तर बापानें रागावूं नये, आणि मुलानें हिशेब मांडतांना बापाचे हात कशानें घट्टे पडले तें विसरूं नये.

वाचनालयांत या पुस्तकाची एकच प्रत आहे. ती आज रात्रीं कोण नेणार, तेवढें सभा उठण्यापूर्वीं सांगा, म्हणजे मी वहींत नांव लिहून घेतों.